दुसऱ्याच्या घरची डिस्क

वाचनालयात मला रोज भेटणारे एक काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. कुठल्याही कामाला ते ‘झालं’ म्हणत नाहीत; ‘सध्या तरी चालू आहे’ म्हणतात. स्कूटरला कुलूप लावतात, चार पावलं जातात आणि परत येऊन ते ओढून बघतात.

मी हॉस्टेलवर असताना आई पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवायची. ते सगळं मी आता कॉम्प्युटरवर उतरवलंय. ते जाऊ नये म्हणून काकांनी घरी येऊन दोन हार्ड डिस्कचं ‘रेड’ लावून दिलं, म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही. मग त्यांनी कॉम्प्युटरवरून आईची एक कॅसेट ऐकवायला सांगितली आणि ती चालू असतानाच एका डिस्कची वायर उपटली. आई लोणच्याबद्दल बोलतच राहिली.

“आता काळजी मिटली ना?” मी विचारलं.

“मिटली कशी? दोन्ही एकाच डब्यात. वीज पडली तर दोन्ही जातील.” वायर परत जोडत ते म्हणाले, “तिसरी प्रत माझ्याकडे ठेवा. तुम्ही पंचवटीत, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला सिडकोत.” मग पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक डिस्क काढली. “आणि ही माझी, तुमच्याकडे असू द्या.”

तिच्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही; मी ती तशीच टॉवेलासकट कपाटात ठेवली.

परवा वीज कडाडली, तेव्हा मला आईची कॅसेट आठवलीच नाही. मी आधी कपाट उघडून तो टॉवेल चाचपला. मग कुलूप लावलं, चार पावलं गेले आणि परत येऊन ते ओढून बघितलं.