पेटीवरचं गाव

काल आमच्या फाटकाला काळा रंग लागला आणि त्या वासासरशी मला आमची लोखंडी पेटी आठवली. नवरा फौजेत, त्यामुळे दर बदलीला पेटी काळी रंगवायची आणि पांढऱ्या अक्षरांत नव्या गावाचं नाव लिहायचं, असा आमचा रिवाज. एका वर्षी बदलीचा हुकूम आल्याबरोबर मी घाईनं नाव लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी कळलं, तिथं कुटुंब नेता येत नाही. मग सरकारी भाड्याच्या ट्रकातून माझा सगळा संसार सौंदडला, सासरी येऊन पडला. त्याच आठवड्यात तहसील कचेरीत कारकून असलेल्या मोठ्या दिरांची बदली सालेकशाला झाली. अंगणात टेम्पो भरताना जाऊबाई फणकारल्या, "फौजवाल्याइचं बरं हाये. सरकार पूरा ट्रक देते. आमाले भेटते तो भत्ता या टेम्पोलेबी पुरत नाही." मला रागच आला. कपाटाचा आरसा फुटू नये म्हणून दीर तो मांडीवर धरून मागे गाद्यांवर बसले. जाऊबाई पुढची जागा सोडून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. धानाच्या बांध्यांपलीकडे टेम्पो दिसेनासा होईपर्यंत मी तिथंच उभी होते. पुढे मी सासरीच राहिले, पेटी परत रंगवली गेली नाही; आता तिच्यात तांदूळ असतो. फौजेतून कायमचा घरी आलेला नवरा काल उरलेल्या रंगाचा डबा घेऊन म्हणाला, "पेटीलेबी मारून देऊ काय?" मी नको म्हटलं. त्या गावाचं नाव माझ्या हातचं आहे, आणि ते गाव मी अजून पाहिलेलं नाही.