मुळं धुणारे काका

दसऱ्याला झेंडू घेताना मला हमखास सुरतजवळच्या उधन्याचे रोपंवाले काका आठवतात. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. माणूस खान्देशातला, एवढंच ठाऊक. नाव कधी विचारलंच नाही. पेरू असो की पपई, रोप देण्याआधी ते त्याची मुळं बादलीत धूत आणि डोळे मिटून बोटांनी चाचपत. गाठ लागली की रोप चुलीत. डोळ्यांना न दिसणारी सूतकृमी मुळांत शिरते, असं ते सांगत.

एकदा मात्र दिवाळीच्या गडबडीत त्यांनी पपईची रोपं न धुताच दिली. पुढच्या पावसाळ्यात आमच्या झाडाला फळं धरली आणि काका कुदळ घेऊन दारात उभे! त्यांच्या वाफ्यात उरलेल्या रोपाला गाठी निघाल्या होत्या, म्हणून ते घरोघर फिरत होते.

"अहो, फळं धरलीत!" आई म्हणाली.

"ताई, चूक मनी शे," चूक माझीच, असं म्हणत त्यांनी झाड उपटलं. मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. त्या जागी त्यांनी झेंडू पेरला. त्याने कीड हटते म्हणे. आई त्यांच्याशी बोलायचीच थांबली.

दसऱ्याला तिने त्याच झेंडूचं तोरण केलं आणि माझ्या हाती त्यांच्याकडे पाठवलं. काकांनी फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुळं कशी शेतस?" त्यांनी विचारलं.