तुरीच्या खोलीतलं भजन

आमच्या थोरल्या दिरांइतकी भिंतींची पारख असणारा माणूस आळंद तालुक्यात दुसरा नसेल. कुणाच्याही घरी गेले की दीर आधी टाळी वाजवतात आणि मान तिरकी करून ऐकत राहतात. पुतणीसाठी मादन हिप्परग्याला स्थळ बघायला गेले तेव्हाही त्यांनी पाव्हण्यांसमोर टाळी वाजवली. "पोरगा कसा हाय रे?" असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पोराकडं बघायचं राहिलं आई, पर बैठक लई गोड घुमतीय."

हे खूळ गाणगापूरच्या एका लॉजवाल्यामुळे लागलं. दिरांनी दत्तावर स्वतः रचलेलं भजन मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "अण्णा, डब्यात तोंड घालून म्हटल्यावानी वाटायलंय. देवळात म्हटल्यावानी करून आणा, रोज पहाटे यात्रेकरूंना लावतो." खऱ्या देवळात घंटा वाजवणारे थांबत नाहीत, म्हणून दिरांनी घरातच देऊळ शोधलं. ते निघालं आमच्या तुरीच्या खोलीत. दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी, खिडकी नाही. फक्त स्वयंपाकघराच्या बाजूला एक झरोका. जुनी तूर विकली की नवी येईपर्यंत ती रिकामी असते. तेवढ्या दिवसांत भजन झालंच पाहिजे, कारण पोती आत आली की संपलं. "पोती आवाज पितात," असं दीर सांगतात. गोधड्याही पितात म्हणे, म्हणून आमच्या गोधड्या अंगणात गेल्या. तांब्याचा हंडा मात्र आवाज पीत नाही, परत देतो, म्हणून तो रिकामा कोपऱ्यात. मला यातलं काहीच उमगत नव्हतं. पाणी कशात भरायचं, हेही उमगत नव्हतं.

रेकॉर्डिंग चालू असलं की घर मुकं. मिक्सर बंद, म्हशीच्या घंटेत चिंधी, झरोक्यात पोतं कोंबलेलं. एकदा सासूबाई हातवारे करून मला उतू जाणारं दूध दाखवत होत्या आणि मी त्यांना पंख्यानं वारा घालत बसले. पाल चुकचुकली तर दीर तिला कानडीत "सुम्म कूड!" म्हणून गप बसवायचे आणि भजन पुन्हा पहिल्यापासून. "माणसं ओसरीत दाटीनं झोपायलीत, अन् ह्याच्या आवाजाला येगळी खोली!" सासूबाई करवादायच्या. दीर शांतपणे म्हणायचे, "आवाजाला बी पाय पसराय जागा लागती, आई."

आमच्यात सून थोरल्या दिरांशी बोलत नाही. त्यांना चहा हवा असला तर ते सासूबाईंना सांगतात आणि साखर संपली असली तर मीही सासूबाईंच्याच कानात सांगते, तिघंही एकाच जागी असलो तरी. त्यामुळे एवढ्या वर्षांत दिरांनी माझा आवाज ऐकलेलाच नव्हता.

एके दिवशी ते मोबाइल कानाला लावून, डोळे मोठे करून बाहेर आले. "आई, खोली गायलीय!"

"येडा झालास का रे?"

"तूच ऐक की."

खरंच, मोबाइलमध्ये दिरांच्या आवाजामागून एक बाई हळूच पालुपद धरत होती. झरोक्यातलं पोतं घसरलं होतं आणि भाकरी थापताना माझ्या तोंडात तेच भजन आलं असणार. पण आवाज माझा वाटेना. माझा आवाज चुलीपलीकडे जात नाही, हा तर कुठल्या मोठ्या गाभाऱ्यातून येत होता. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर पुढे ओढला. आता हे पुसणार आणि सगळं पहिल्यापासून म्हणणार, माझ्यामुळे दिवस वाया गेला, असंच मला वाटलं.

दीर मोबाइल घेऊन परत आत गेले. दुसऱ्या दिवशी बघते तर झरोक्यातलं पोतं कुणीतरी काढून ठेवलेलं. आतून दिरांचा आवाज आला, "खोलीबाई, शेवटाला जरा लांबवा." मी पिठाच्या हातानं तशीच उभी राहिले. मग त्यांनी भजन सुरू केलं आणि मी शेवटाला लांबवलं.

तूर आली. लॉजवर पहाटे ते भजन लागतं. मागं म्हणणारी बाई कोण, असं यात्रेकरू विचारतात म्हणे आणि दीर सांगतात, "आमची खोली." त्यांना ठाऊक आहे की नाही, मला अजून कळत नाही. आता खोली पोत्यांनी गच्च भरली आहे, आत टाळी वाजवली तर तिथंच विझते. काल मी भाकऱ्या करत असताना दीर ओसरीत बसून सासूबाईंना म्हणाले, "आई, नवं भजन रचायलोय. चाल म्हणून दावतो. तूर विकंपर्यंत ध्यानात ठेव म्हणावं खोलीला."

"सांगते," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी तव्यावरची भाकरी काढली, दुसरी टाकलीच नाही. थापण्याचा आवाज मध्ये यायला नको.