एरमेलिंदाआजीने वर केलेला हात

आमच्या गावात एरमेलिंदाआजीच्या विरोधात उभं राहणं म्हणजे वेडेपणाच होता. अर्ध्या मतदारांना तिनेच या जगात ओढून आणलेलं. मी तर पायाळू. "तेव्हाही उलटाच होतास," असं ती भर बाजारात ऐकवायची.

सुईण म्हणून तिचं नाव नदीच्या दोन्ही काठांना होतं. मूल झालं की ती त्याची नाळ अंगणात पुरायची आणि वर नारळाचं रोप लावायची. माझा नारळ अजून उभा आहे. फळ कमी, झावळ्यांची सळसळ फार. अगदी माझ्यासारखा, असं बायको म्हणते.

पण मूल आडवं आलं की आजीचे हात थिटे पडत. मग पोटुशीला ट्रकमध्ये घालून शहराकडे पळायचं, आणि नदी चढलेली असली तर काठावरूनच दोघांना परत आणायचं, झाकून. म्हणून पक्षाचा माणूस उमेदवारी घेऊन आला तेव्हा आजीने एकच विचारलं, "डॉक्टर मिळेल?"

"आधी निवडून तर या."

आली. राजधानीतही तिने दुसरं काही मागितलं नाही. ती दिसली की मंत्री वाट बदलायचे म्हणे. मुदत संपता संपता पक्षाच्या म्होरक्याने तिला गाठलं, एकदम बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने. "दोन्या एरमेलिंदा, या कायद्यात तुमचा दवाखाना आहे. हात वर करा."

त्याच कायद्यात घरी बाळंतपण करणाऱ्या सुईणीला तुरुंगही होता.

"आधी काय येणार? दवाखाना की तुरुंग?"

"बरोबरच येतील."

तिने हात वर केला.

बंदी लगेच आली. मग इमारत आली, तिला निळा रंग आला, दाराला कुलूप आलं. डॉक्टर काही आला नाही. पुढच्या निवडणुकीत पक्षाने आजीला विचारलंही नाही.

परतली तेव्हा मी कुंपणावरून म्हणालो, "आजी, धंदा बुडवायला एवढ्या लांब कशाला गेलीस? मी इथेच बुडवून दिला असता."

"तुझा बुडवलास तसा?"

पण बायका दारात आल्या की हसू जायचं. "कायद्याला हात मीच वर केला ना? तोच आता तुझ्या पोटावर कसा ठेवू?"

ऑक्टोबरात तिचीच नात ओदालिस अडली. मूल आडवं. भर दुपारी ट्रक काढला, पण नदी चढलेली; मागे फिरलो. दवाखान्यापाशी आजी म्हणाली, "थांबव." पायरीवरच नातीला निजवलं आणि बाह्या सारल्या. हवालदार धावत आला, तोही तिच्याच हातचा. त्याने टोपी काढली आणि पाठ फिरवून उभा राहिला.

ओदालिस वाचली. मूल रडलं नाही.

आजी पणजी होणार म्हणून तिला चिडवायला मी एक रोप डब्यात वाढवत होतो. ते घेऊन गेलो तेव्हा ती अंगणात नाळ पुरत होती.

"ने ते," ती म्हणाली. "हे जिवंत पोरांचं असतं रे." मग पायाने माती सपाट केली.

परवा नदीपलीकडची एक पोटुशी आली होती. आजीने हात शालीखाली घेतले आणि म्हणाली, "पाणी उतरलंय तोवर शहराला जा, बाई."