शनिवारच्या आजी

बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या. इतका वेळ, की नवख्याला वाटावं, विसरल्या. अमेरिकेतल्या चँडलर गावच्या लायब्ररीत सतरंजीवर बसलेली मुलं मात्र हलायची नाहीत. खिडकीतलं ऊन सरकत त्यांच्या पांढऱ्या वेणीवर येऊन टेकायचं, आणि मग फार लांबून आल्यासारखं पुढचं वाक्य यायचं.

२००४ साल असेल. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून दर शनिवारी मी तिथे व्हॉलंटियर करायचे. सात वर्षांची सई सोबत असायची. आजी तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. सईएवढ्या असताना त्यांना आणि धाकट्या भावाला सरकारी माणसांनी घरातून उचलून दूरच्या इंग्रजी निवासी शाळेत नेलं होतं. तिथे केस कापले, नावं बदलली. घरची भाषा तोंडून निघाली की मार. हे सगळं त्या मुलांना सांगायच्या, पण सुरुवात नेहमी घरच्या मेंढ्यांपासून, आईच्या हातच्या भाकरीपासून. "काय हरवलं ते कळायला आधी काय होतं ते दिसायला हवं," म्हणायच्या.

एकदा आमच्याच भारतीय ग्रुपमधल्या एका मुलाच्या बाबांनी मला गाठलं. "यार, लहान मुलांना हे फार हेवी होतं. कोल्ह्याबिल्ह्याच्या गोष्टी सांगा म्हणावं त्यांना."

मी चाचरत निरोप दिला. आजी रागावल्या नाहीत. "माझा भाऊ पाच वर्षांचा होता. त्याला झेपेल का, हे कुणी विचारलं नव्हतं," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "झोप उडवणारं मी सांगतच नाही गं. ते माझ्याजवळ ठेवते."

"तुम्ही रडलात?" एका शनिवारी एका मुलाने आजींना विचारलं होतं.

"हो. मग आवाज न करता रडायला शिकले. तुम्ही ते शिकू नका."

एका हिवाळ्यात तो भाऊ वारला. दोन शनिवार आजी आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी मेंढ्या नाहीत, भाकरी नाही, एकदम म्हणाल्या, "शाळेत माझ्या भावाला ताप आला होता. त्याने आमच्या भाषेत पाणी मागितलं. बाई म्हणाल्या, इंग्रजीत माग. त्याला येत नव्हतं. मला येत होतं. मध्ये बोलले तर मार बसेल म्हणून मी गप्प राहिले."

आणि थांबल्या. या वेळी पुढचं वाक्य आलंच नाही.

सई उठली. कागदी कपात पाणी भरून घेऊन आली. आजींनी तो कप दोन्ही हातांनी घेतला.

"हाऊ डिड ही से इट?" सईने विचारलं.

आजींनी त्यांच्या भाषेतला पाण्याचा शब्द सांगितला. सगळ्या मुलांनी म्हटला. त्यांनी उच्चार सुधारला, पुन्हा म्हणवून घेतला. चौथ्या खेपेला डोळे मिटून म्हणाल्या, "अस्साच म्हणायचा."

त्या उन्हाळ्यात आम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला, हर्नडनला राहायला आलो. आजींची पुन्हा भेट झाली नाही. निघायच्या आदल्या दिवशी पार्किंगमध्ये मी धीर करून विचारलं होतं, "भावाशी त्याबद्दल कधी बोललात?"

"रोज फोन व्हायचा आमचा. पाऊस झाला का, गुडघा कसा आहे. तेवढंच."

"मग मुलांना कसं सांगू शकलात?"

"मोठी माणसं ऐकतात आणि सॉरी म्हणतात," त्या म्हणाल्या. "मुलं विचारतात, मग पुढे काय झालं?"