दहा वर्षं चालेल अशी गाडी

ब्राह्मी चौगुले भूल द्यायचं काम करायची. सांगलीत तिचा स्वतःचा दवाखाना नव्हता, दारावर पाटीही नव्हती. इस्लामपूर, कराड, पाटण, कोरेगाव, सातारा, जिथल्या लहान हॉस्पिटलात ऑपरेशन असेल तिथून फोन यायचा, की ही निघाली. पेशंटला ऑपरेशन करणारे डॉक्टर जन्मभर लक्षात राहतात. भूल देणारी बाई राहत नाही, कारण ती येते तेव्हा तो घाबरलेला असतो आणि जाते तेव्हा गुंगीत. ब्राह्मीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट काम झालं की कुणाच्या डोळ्यांत न भरता निघून यायला तिला बरं वाटायचं.

तिची एकच हौस होती, ती म्हणजे तिची गाडी. तिशी नुकतीच उलटली होती तेव्हा घेतलेली गडद निळी सेडान, परदेशी बनावटीची, बसकी, टर्बो इंजिनची. तेव्हा मार्केट यार्डात तिच्या नवऱ्याची, जिनेंद्रची, हळदीची अडत नुकतीच जमत होती. शेजारचे अडते त्याला विचारायचे, "एवढ्या बुटक्या गाडीत शिरता तरी कसं?" तो हसून सोडून द्यायचा. ब्राह्मीला मात्र पेठनाक्यावरून हायवेला लागलं आणि पाय जरा दाबला की पाठीला सीटचा जो धक्का बसायचा, तेवढ्यावर दिवस निघायचा. कुठल्या गावच्या कोणत्या स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासतं हे तिला पाठ होतं. तिथं ती गाडी तिरकी घालायची, शिताफीनं.

हे सगळं जुनं झालं. आता ती पंचेचाळिशी ओलांडून गेली होती. गेल्या वर्षभरात सकाळी उठतानाच अंग जड असायचं. डावा गुडघा क्लचवर कुरकुरायचा. घरी सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता, जिनेंद्र अजून पाळायचा. ब्राह्मीनं तो कधीच सोडून दिला होता. ती यायची तेव्हा ताट झाकलेलं असायचं, आणि ते उघडायचाही तिला कंटाळा यायचा.

त्या दिवशी पाटणहून धैर्यशील डॉक्टरांचा फोन आला. पाटणात त्यांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं, आणि अडलेल्या बाईला भूल द्यायची वेळ आली की ते आधी ब्राह्मीलाच बोलवायचे. ती कराडातलं एक काम आटोपून नुकतीच हात धूत होती.

"मॅडम, बाळाचे ठोके खाली येतायत. सिझर करावं लागेल. किती वेळात येता?"

"निघालेच," ती म्हणाली.

ऊस गाळपाचा हंगाम होता. रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मोठमोठ्यानं गाणी लावलेले. ती एकेक मागं टाकत निघाली. मल्हारपेठच्या अलीकडं अशाच एका ट्रॅक्टरला ओलांडायला बाहेर काढली आणि गाडीनं दम टाकला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पाय दाबला तरी नुसता आवाज, ओढ काही नाही. समोरून एसटी येत होती. ब्राह्मीनं कशीबशी गाडी पुन्हा ट्रॉलीच्या मागं घेतली, रस्त्याच्या कडेला लावली आणि बंद करून पुन्हा सुरू करून पाहिली. ती सुरूच झाली नाही.

औषधांची बॅग घेऊन ती रस्त्यावर उभी राहिली. दोन मोटारी हात दाखवूनही निघून गेल्या. मग एक दुधाचा टेम्पो थांबला. आत केरबा नावाचा पन्नाशीचा माणूस होता.

"आवं बाई, काय झालं? गाडी बंद पडली व्हय?"

"पाटणला सोडाल का? हॉस्पिटलात पोचायचंय. बाळंतपणाचं आहे."

"बसा की मग! इचारता काय?" त्यानं सीटवरचं किटलीचं झाकण खाली ढकललं. "माझी दोन गावं राह्यल्यात, पर ती नंतर बगू. दूध काय पळून जात न्हाई."

टेम्पो जमेल तसा पळत होता. ब्राह्मी बॅग मांडीवर धरून बसली होती. वाटेत केरबा काहीबाही बोलत होता, ती हूं हूं करत होती. तिच्या कानात नुसते ठोके वाजत होते. बाळाचे की आपले, ते तिला कळत नव्हतं.

ती पोचली तेव्हा बाईला टेबलावर घेतलेलं होतं. धैर्यशील डॉक्टरांनी मास्कवरून तिच्याकडं एकदा पाहिलं. तिनं मणक्यात भूल दिली. तिचे हात शांत होते. वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते नेहमीच शांत असायचे. बाळ बाहेर आलं ते निळसर, मान टाकलेलं. सिस्टरनं त्याला पुसलं, ब्राह्मीनं तोंडावर मास्क धरून श्वास दिला, पुन्हा दिला. मग ते एकदम चिडल्यासारखं रडलं. खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

"मुलगी आहे," धैर्यशील डॉक्टर म्हणाले. हात धुताना त्यांनी हळूच विचारलं, "वाटेत काही झालं का?"

"गाडी बंद पडली."

"हं," ते म्हणाले. बस, एवढंच. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

गाडी ओढून सांगलीला आणली. तिचा नेहमीचा मेस्त्री कृष्णात. त्यानं दोन दिवस खाली घुसून, वर वाकून पाहिलं आणि सांगितलं, "ताई, टर्बो गेलाय. पार्ट बाहेरनं मागवायला लागतो. महिना म्हणतायत, जास्त पण होईल. मी बसवून देईन, पण उद्या दुसरं काय निघंल ते मला बी सांगता यायचं न्हाई. गाडी लय भारी हाय. फक्त आता हिच्यावर रोजची भिस्त ठेवू नका."

ब्राह्मीनं मान हलवली. तिथंच पडलेल्या टायरवर ती थोडा वेळ बसली. कृष्णातनं चहा मागवला, तो तिनं निमूट प्याला.

तोवर ती जिनेंद्रची उंच एसयूव्ही नेऊ लागली. सांगलीत सगळ्यांकडं तसल्याच गाड्या. उंच, पांढऱ्या, खड्ड्यांवरून जाणाऱ्या. पण वळणावर ती डुलायची, ब्रेक लावला की नाक खाली घालायची, आणि कराडपर्यंत जाऊन येईतो ब्राह्मीची कंबर धरायची.

"अशीच एक तुझ्यासाठी घेऊ," जिनेंद्र म्हणाला, "आणि ड्रायव्हर ठेवू. तू मागं बसून झोपत जा."

"नको."

"अगं, पण का? दमतेस म्हणून म्हणतोय."

"अहो, गाडीत मला कुणी काही विचारत नाही," ती म्हणाली. "तेवढाच माझा वेळ असतो. तिथंही माणूस बसवायचा का?"

जिनेंद्रनं वर पाहिलं. असं काही ती पूर्वी कधी बोलली नव्हती. "बरं," तो म्हणाला. "मग तुझ्या मनासारखी बघू."

शोरूममधला शिवतेज हा तरुण, नम्र, इस्त्रीच्या कपड्यातला. प्रश्न ब्राह्मी विचारायची आणि उत्तर तो जिनेंद्रकडं बघून द्यायचा. आधी त्यानं एसयूव्हीच दाखवल्या. ब्राह्मी म्हणाली, "मला सेडान बघायची आहे."

"मॅडम, सेडान आता कोण घेत नाही हो. आपले रस्ते बघा."

"रस्ते मी रोज बघते," ती म्हणाली. "उसाची ट्रॉली ओलांडताना पटकन ओढ देणारी पाहिजे. ब्रेक चांगले पाहिजेत. आणि ती बंद पडता कामा नये. सर्व्हिसिंग कराडला होतं का? साताऱ्याला? पार्ट इथं मिळतात का मागवावे लागतात?"

शिवतेज आता तिच्याकडं बघून बोलू लागला. सेडान दोन होत्या. एक टर्बोची, लाल, नवी कोरी, जोरदार. दुसरी करड्या रंगाची, साध्या इंजिनची, टर्बो नाही, गिअर आपोआप पडणारे. हे इंजिन वर्षानुवर्षं तेच वापरतात, असं त्यानं सांगितलं, आणि ते काही कौतुकाच्या सुरात नव्हतं.

"किती वर्षं वापरणार, मॅडम? तीन-चार वर्षांत बदलणार असाल तर लालच घ्या."

"दहा," ब्राह्मी म्हणाली. "दहा वर्षं तरी."

जिनेंद्रनं हातातलं माहितीपत्रक मिटलं.

लाल गाडी तिनं मिरज रस्त्याला चालवून पाहिली. पाय ठेवायचा अवकाश, गाडी सुटली. ओळखीचा तो धक्का पाठीला बसला आणि ब्राह्मीला हसू फुटलं. मागच्या सीटवर शिवतेजनं दांडी घट्ट धरली. परत येईपर्यंत तिच्या मनानं घेतलं होतं की हीच. मग तिनं गाडी शोरूमच्या दारात लावली, इंजिन बंद केलं, आणि तिला त्या टेबलावरचं निळं बाळ दिसलं. तिचं हसू मावळलं. या गाडीनं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. कदाचित ही कधी बंदही पडली नसती. पण प्रत्येक ट्रॉलीमागून बाहेर निघताना आपण दिव्याकडं बघणार, हे तिला ठाऊक होतं, आणि दहा वर्षं तसं बघत राहायची ताकद तिच्यात नव्हती.

करडी गाडी घेऊन ती आणि जिनेंद्र दोघंच आष्ट्याकडं निघाले. सांगलीबाहेर पडल्यावर जिनेंद्र म्हणाला, "दहा वर्षं म्हणालीस."

"हो."

"मी धरून चाललो होतो की अजून दोन-तीन वर्षं. मग थांबशील."

"थांबून काय करू?"

"काय म्हणजे? घरी बसशील. सकाळी पाठ टेकायला मिळेल. माझ्याबरोबर जेवशील."

दहा वर्षं हा आकडा ब्राह्मीनं गाडीसाठी सांगितला होता. तो आपल्यालाही लागू होतो, हे तिच्या आता ध्यानात येत होतं. दहा वर्षांनी आपण छप्पन्न. तेच रस्ते, त्याच ट्रॉल्या, तोच हिरवा गाऊन. तिनं समोर बघितलं. एक ट्रॅक्टर संथ चालला होता. तिनं पाय दाबला. गाडी क्षणभर घुटमळली, इंजिनाचा आवाज चढला, आणि मग ती एका लयीत, धक्का न देता, ट्रॅक्टरला टाकून पुढं आली. वळणावर ती जमिनीला चिकटून राहिली. लाल गाडीची मजा हिला नव्हती. पण हात जिथं वळवू तिथंच ती जात होती, आणि डावा पाय नुसता पडून होता. गुडघा गप्प होता.

"पाटणला धैर्यशील डॉक्टरांकडं दुसरं कोण येतं?" जिनेंद्रनं विचारलं.

"कुणी नाही. एक पोरगा होता, तो पुण्याला गेला."

"हं."

"लगेच थांबता येत नाही मला," ती म्हणाली. "येत असतं तरी थांबले असते का, माहीत नाही. पण मी दमलेय, हे खरं आहे."

तिनं बघितलं तर जिनेंद्रची मान एका बाजूला कलली होती. तो झोपला होता. दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर तो कधी डोळा मिटत नसे. ड्रायव्हर असला तरी पायानं ब्रेक दाबत बसायचा. ब्राह्मीनं वेग कमी केला. आष्टा आलं, गेलं. शोरूमनं सांगितलं होतं त्यापेक्षा ती बरीच पुढं गेली आणि मगच सावकाश वळली.

करडी गाडी घेतली. जुनी निळी कोल्हापूरच्या एका हौशी तरुणाला गेली. तो पार्टसाठी महिनाभर थांबायला आनंदानं तयार होता. ती निघाली तेव्हा ब्राह्मी फाटकापर्यंत आली नाही. वरच्या खिडकीतून तिनं पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला.

त्याच आठवड्यात तिनं धैर्यशील डॉक्टरांना फोन करून सांगितलं की आठवड्यातले तीन दिवस मी येईन, बाकीच्या दिवसांसाठी कराडच्या कुणाशी तरी बोलून ठेवा. "बघतो," ते म्हणाले. "कोण मिळतंय का." त्यांचा आवाजही तिच्याइतकाच दमलेला होता. फोन ठेवल्यावर तिला मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, पण रविवारी ती उशिरापर्यंत झोपली.

गाडी आता वर्षाची होईल. अजून कुठं अडली नाही. शिवतेज एकदा पेट्रोल पंपावर भेटला तेव्हा त्यानं विचारलं, "मॅडम, कशी आहे?" ब्राह्मीला सांगण्यासारखं काही आठवेना. "चालते," ती म्हणाली, आणि मग त्याला वाईट वाटू नये म्हणून, "चांगली चालते."

परवा ती कोरेगावला गेली होती. हर्नियाचं साधं ऑपरेशन, सकाळची वेळ. हॉस्पिटलच्या आवारात लिंबाखाली तिनं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि सीट जरा मागं घेऊन डोळे मिटले. आत अजून कुणी तिला पाहिलं नव्हतं. इंजिन गार होतानाची टिकटिक ऐकू येत होती. थोड्या वेळानं काचेवर बोट वाजलं. वॉर्डबॉय होता.

"मॅडम, पेशंट आत घेतलाय."

"आले," ब्राह्मी म्हणाली. तिनं सीट सरळ केली, मागची बॅग घेतली आणि दार लोटून त्याच्यामागं निघाली.