परबच्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात

माझा भाऊ सरकारी कचेरीत होता. त्याच्याकडे फायली साचायच्या. आमच्या जाहिरात कंपनीत कपाट एकच, आणि त्यात फर्नांडिस आपला डबा आणि जादाचा टाय ठेवायचा, त्यामुळे फायलींना जागाच नव्हती. आमच्याकडे साचले ते किस्से. आजही त्या वेळचं कुणी भेटलं की "ते डोकेदुखीचं आठवतं का रे?" असं सुरू होतं आणि समोरचा चहा गार होतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. अंधेरीत, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर, दोन खोल्यांत आमची कंपनी होती. मालक कर्णिकसाहेब. फोर्टातल्या एका विलायती कंपनीतून ते बाहेर पडले होते आणि येताना तिथला रुबाब तेवढा बरोबर घेऊन आले होते. इंग्रजी मजकूर लिहायला वांद्र्याचा फर्नांडिस, चित्रं काढायला परब आणि मराठीला मी. संपला स्टाफ! पण क्लायंटसमोर आम्ही ‘डिपार्टमेंट’ असायचो. परबला बरं नसलं की साहेब गंभीर चेहऱ्याने सांगत, "आर्ट डिपार्टमेंटला आज ताप आहे."

*

मालाडचे चुनीलाल शेठ पहिल्यांदा ऑफिस बघायला आले तो दिवस. त्यांचं ‘मेघमाला’ नावाचं केसांचं तेल होतं आणि ते काम मिळालं तरच आमची कंपनी टिकणार होती.

"पण एवढा लांब ऑफिस कशाला?" शेठनी विचारलं.

"आर्टिस्ट लोकांना शांतता लागते, शेठ," साहेब म्हणाले, आणि नेमकी खाली गिरणी सुरू झाली. टेबलं थरथरायला लागली. परबचा ब्रशांचा पेला चालत चालत टेबलाच्या कडेला गेला.

साहेबांनी टाय नीट केला. "आपलं छपाईचं मशीन आहे खाली."

शेठनी मान डोलावली. निघताना त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढून झटकली. पिठाचा ढग उठला.

"मशीन चांगला हाय," शेठ म्हणाले, "पण तुम्ही शाई सफेद वापरते काय?"

काम मात्र त्यांनी आम्हालाच दिलं.

*

आता व्हर्नाक्युलर डिपार्टमेंटविषयी, म्हणजे माझ्याविषयी. त्या काळी जाहिरात आधी इंग्रजीत जन्माला यायची. फर्नांडिस सिगारेट ओढत ती लिहायचा, साहेब "ब्यूटिफुल!" म्हणायचे, आणि मग तिचं मराठी करायला मला मिळायचं. अट एकच. इंग्रजीने अडवलेली जागा मराठीने बरोब्बर भरून काढायची. साहेब त्यासाठी लाकडी फूटपट्टी वापरत.

एकदा माझं मराठी एक ओळ कमी भरलं.

"साहेब, अर्थ सगळा आलाय."

"अर्थ आला असेल रे, पण जागा उरली ना! क्लायंटला वाटेल मराठी लोकांना आपण कमी सांगतो."

मग मी ‘खरोखर’, ‘अगदी’, ‘मनापासून’ आणि ‘आजच’ असे शब्द पेरायला लागलो. कुठेही पेरले तरी उगवायचे. काही वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस मला भेटला. म्हणाला, "तुमच्या त्या तेलाच्या मजकुरात काय जिव्हाळा असायचा हो! आमच्याकडे नव्या लोकांना आम्ही तोच अभ्यासायला देतो."

*

शेठ स्वतः जाहिरात कधीच पास करत नसत. ती गुंडाळून घरी नेत आणि आपल्या आईला दाखवत. त्या बांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे फर्नांडिसची आणि माझी मेहनत त्यांच्या लेखी शून्य. त्या फक्त चित्रातली बाई बघायच्या.

पहिली बाई परत आली. "बा बोलते, छोकरी भुकी दिसते."

परबने गाल भरले. तीही परत आली. "बा बोलते, आता छोकरी खाऊन आली, पण तिला घरी जायचा नाय."

आम्ही हसलो. परब हसला नाही. तो कोकणातला, अबोल, मन लावून काम करणारा. दोन दिवस नुसता खिडकीशी बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्याने एक मुलगी काढली. मान किंचित कललेली, गालांवर खळ्या, आणि आत्ता काहीतरी बोलेल असा चेहरा. चित्र घेऊन गेलेले शेठ त्याच दिवशी मिठाईचा पुडा घेऊन परत आले.

"बा विचारते, ही छोकरी कोणाची?"

"इमॅजिनेशन!" साहेब ऐटीत म्हणाले.

परब पाणी प्यायला उठून गेला.

*

आमच्या समोर, रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावर एक टायपिंग क्लास होता. परबच्या खिडकीतून त्याची एक खिडकी दिसायची आणि त्या खिडकीत रोज दुपारी एक मुलगी टायपिंग करायची. हे आमच्या ध्यानात आलं ते फार उशिरा. आधी ध्यानात आलं ते एवढंच की परबच्या सगळ्या बायका सारख्याच दिसायला लागल्यात. बिस्किटांच्या जाहिरातीतली आई तीच, साबणातली नवरी तीच. फर्नांडिसने टोकलं, "काय मॅन परब, सगळ्या मुंबईत एकच बाई राहते काय?"

मग तो रविवार उजाडला. पेपरच्या एकाच पानावर, डाव्या बाजूला मेघमाला तेलाची मुलगी केस सोडून हसत होती. आणि उजव्या बाजूला, आमच्याच एका डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत, तीच मुलगी कपाळ धरून बसली होती!

सोमवारी शेठ पेपर नाचवतच जिना चढले. "हे काय केला तुम्ही? लोक काय समजेल? इकडे माझा तेल लावला, तिकडे डोका दुखला!"

मलमवाले मात्र खूश होते. त्यांचा खप वाढला होता.

साहेबांनी परबला आत बोलावलं. दार उघडंच होतं. "परब, या चेहऱ्याची आणखी एक तक्रार आली, तर तू आपल्या गावाला जायचं. कळलं?"

परबचा चेहरा पांढराफटक पडला. गावी म्हातारी आई, दोन धाकटे भाऊ, सगळी भिस्त याच्यावर. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "अरे, दुसरा चेहरा काढ ना. त्यात काय एवढं?"

"प्रयत्न करतंय रे," तो म्हणाला. "पण हात आपसूक तसोच जाता."

आठवडाभर त्याने फक्त पुरुष काढले. पुढे आलेल्या ब्लेडच्या जाहिरातीत एक रुबाबदार, मिशीवाला तरुण होता. फर्नांडिसने मिशीवर बोट ठेवून पाहिलं आणि नुसता सुस्कारा सोडला.

*

बांचा मात्र त्याच मुलीवर जीव जडला होता. शेठनी परस्पर एक पेंटर गाठून अंधेरी स्टेशनबाहेर तिचा दुमजली उंच बोर्ड रंगवून घेतला. परब त्या दिवसापासून लांबच्या रस्त्याने यायला लागला.

आणि व्हायचं तेच झालं. एका दुपारी कोट-टोपीतले एक गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. मागे एक मुलगी होती. तिला बघून परबच्या हातातला ब्रश रंगाच्या ऐवजी चहात गेला.

"मी दळवी. हेडक्लार्क," गृहस्थ म्हणाले. आवाज कचेरीतलाच. "स्टेशनाबाहेरील चित्राबाबत माझी तक्रार आहे. प्रस्तुत चित्र माझ्या कन्येचे आहे. आमची परवानगी घेतलेली नाही. सदर चित्र कोणी काढले?"

"आमच्या परबने," साहेब म्हणाले, "पण ते निव्वळ काल्पनिक आहे हो!"

"मग समोरासमोर पडताळून पाहू. सुलभा, बस इथे."

मुलगी खुर्चीवर बसली. शेजारी साहेबांनी मूळ चित्र उभं केलं. आम्ही सगळे गोल करून बघायला लागलो. पोहे तेवढे कमी होते! मान खाली घालून बसला होता तो मात्र परब. साहेबांनी चित्राकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि टाय सैल केला. मला वाटलं, गेला आपला परब गावाला.

तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "बाबा, ही मी नाहीच."

"म्हणजे?"

"हिला दोन्ही गालांवर खळ्या आहेत. मला एकाच गालावर पडते. ही बघा." आणि ती हसली. बघा म्हणाली वडिलांना, पण हसली परबकडे बघून.

दळवींनी चष्मा वर करून आपल्या लेकीचा गाल निरखला. इतक्या वर्षांत ते तो पहिल्यांदाच पाहत असावेत. मग चित्र निरखलं. "फरक आहे खरा," ते म्हणाले. "तक्रार मागे घेतो. तसदीबद्दल क्षमस्व."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत आम्ही कान लावून होतो. मग मी परबला गदागदा हलवलं. "वाचलास लेका! पण दोन खळ्या कशा काढल्यास?"

"खिडकीतून तिचो एकच गाल दिसता रे," परब म्हणाला. "दुसरो मी अंदाजान काढलंय."

*

पुढच्या महिन्यात परबने तेलाचं नवं चित्र साहेबांपुढे ठेवलं. तीच मुलगी, आणि खळी एकच, डाव्या गालावर.

साहेब ओरडले, "तुला अक्कल आहे का रे? पूस ती! नाहीतर दुसरी काढ!"

"साहेब," परब म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला, "नोकरी गेली तरी चालेल. खळी एकच राहणार."

साहेब काही बोलायच्या आत बाजूलाच बसलेल्या शेठनी चित्र उचललं आणि घरी नेलं. संध्याकाळी चित्रासोबत निरोप आला, "बा बोलते, आता छोकरी खरी वाटते." स्टेशनबाहेरचा बोर्ड त्याच आठवड्यात पुन्हा रंगला.

आणि दळवी आले. या खेपेला एकटेच.

साहेब आतल्या खोलीत गेले. फर्नांडिसने कपाट उघडून त्यात डोकं घातलं. मी साहेबांची फूटपट्टी उचलून उगाचच एक ओळ मोजायला लागलो. परब उठून उभा राहिला. आपलं सामान आवरायचं आहे एवढंच आता त्याच्या डोक्यात असणार, कारण त्याने ब्रश गोळा करायला सुरुवात केली होती.

दळवी सरळ त्याच्या टेबलापाशी गेले. नव्या चित्राकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून घेतली आणि बसले. घसा खाकरला. आणि मागच्या खेपेचं कचेरीतलं मराठी कुठल्याकुठे गेलं.

"परब म्हंजे तुम्ही खंयचे?" त्यांनी विचारलं. "कुडाळचे काय वेंगुर्ल्याचे?"